औषधापासून रुग्णापर्यंत : प्रवाळाच्या शुश्रूषेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मानवी इतिहासात प्रवाळास रत्न, औषध आणि व्यापारी माल या तीन रूपांत स्थान मिळाले. काचेच्या टाकीत खारे पाणी सिद्ध करून घरी मृदू प्रवाळ जोपासणे व ते आजारी पडल्यास त्यावर उपचार करणे ही मात्र अलीकडच्या काही दशकांतील गोष्ट आहे. ज्या जिवाला माणसाने शतकानुशतके कुटून, भाजून औषध म्हणून सेवन केले, त्याच जिवाकडे रुग्ण म्हणून पाहण्याची दृष्टी कशी निर्माण झाली, याचा विचार प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

उद्दिष्टे :
१. दख्खनच्या व्यापारातील व वैद्यकातील प्रवाळाचे स्थान पाहणे.
२. प्रवाळविषयक ज्ञानाचा व मत्स्यालयाचा विकास थोडक्यात मांडणे.
३. मृदू प्रवाळावरील उपचारांमागील तत्त्व स्पष्ट करणे.

१) दख्खन आणि प्रवाळ :
इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक ग्रंथात बॅरिगाझा म्हणजेच भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्य, तांबे, कथील व शिसे यांबरोबर प्रवाळाचाही उल्लेख येतो. पैठण व तगर (आजचे तेर) येथून भडोचला माल जात असल्याची नोंदही त्याच ग्रंथात आहे. लासूर स्टेशन ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात पैठण येते. समुद्रापासून दूर असलेल्या या प्रदेशाला दोन हजार वर्षांपूर्वीही प्रवाळ अपरिचित नसावे, असे अनुमान यावरून करता येते. रोमन लेखक प्लिनी यानेही भारतीयांना प्रवाळाचे विशेष मोल असल्याचे नमूद केले आहे.

पुढे ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात प्रवाळाची गणना रत्नांत झाली. प्रवाळभस्म व प्रवाळपिष्टी ही औषधे आजही वैद्यांकडे मिळतात. येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. भूमध्य समुद्रातील तांबडे पोवळे आणि आजच्या घरगुती टाकीतील मृदू प्रवाळ हे दोन्ही आठ स्पर्शिका असलेल्या एकाच प्राणिगटातील आहेत.

२) वनस्पती की प्राणी?
संस्कृतात ‘प्रवाल’ या शब्दाचा एक अर्थ कोवळी पालवी असा आहे, तर ‘विद्रुम’ या शब्दात द्रुम म्हणजे वृक्ष आहे. युरोपातही अठराव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत प्रवाळ वनस्पतीच मानले जाई. १७२० च्या दशकात फ्रेंच वैद्य पेसोनेल यांनी प्रवाळाची तथाकथित फुले म्हणजे लहान प्राणी असल्याचे निरीक्षण मांडले; परंतु तत्कालीन विद्वानांनी ते सहजासहजी मान्य केले नाही. प्रवाळ हा प्राणी आहे हे मान्य झाल्याशिवाय त्याच्या आजाराचा विचार होणे शक्य नव्हते.

३) मत्स्यालयाचा विकास :
१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. महाराष्ट्रात १९५१ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले व समुद्री जीव सामान्य माणसास काचेआड पाहता आले. तथापि, मासे जगविणे व प्रवाळ जगविणे यांत मोठे अंतर होते. १९६१ मध्ये इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी सजीव खडक व हवेचे बुडबुडे यांवर आधारित नैसर्गिक पद्धती प्रसिद्ध केली. पुढे पेटर विल्केन्स यांनी प्रवाळांच्या टाकीत चुन्याची निवळी वापरण्याचा पुरस्कार केला. या टप्प्यांतून पाणी हाच प्रवाळाचा खरा आहार व आधार आहे, ही जाणीव दृढ होत गेली.

४) उपचारांचे स्वरूप :
आजाराची ओळख ही उपचाराची पहिली पायरी होय. चामड्यासारखे दिसणारे मृदू प्रवाळ अधूनमधून मिटते, त्यावर मेणासारखा थर येतो व काही दिवसांनी तो गळून पडतो. ही कात टाकण्याची नैसर्गिक क्रिया असून तो रोग नव्हे. याउलट तपकिरी चिकट द्रव, दुर्गंधी व झडणारे मांसल भाग ही सडण्याची चिन्हे होत. अशा वेळी धारदार स्वच्छ पात्याने सडलेला भाग निरोगी भागापर्यंत कापून काढतात, उरलेला भाग आयोडीनच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ बुडवितात व वाहत्या स्वच्छ पाण्यात वेगळा ठेवतात. हे आयोडीन १८११ मध्ये समुद्री शैवालाच्या राखेतूनच सापडले होते.

माशांच्या रोगांवर दिले जाणारे तांबेयुक्त औषध प्रवाळास मात्र घातक ठरते. काही मृदू प्रवाळे शेजाऱ्यांना अपायकारक रसायने पाण्यात सोडतात. त्यासाठी सक्रिय कोळसा वापरला जातो. पाण्याची क्षारता हजारी सुमारे ३५ भाग व तापमान साधारण २४ ते २६ अंश सेल्सियस राखावे लागते. मराठवाड्यात उन्हाळी पारा ४० अंशांवर जातो, वीज गेल्यास पंप थांबतो व पाण्यातील प्राणवायू घटतो. अशा प्रदेशात प्रवाळाचा आजार अनेकदा टाकीच्या पाण्यातच जन्म घेतो.

५) संरक्षणाची जाणीव :
१९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. २००१ मध्ये खडक रचणारी प्रवाळे, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला. २०२० मध्ये मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात १८ प्रवाळ वसाहती तज्ज्ञांच्या साहाय्याने हलविण्यात आल्या. बांधकामासाठी प्रवाळाचे पुनर्वसन करावे लागणे, हे बदललेल्या दृष्टीचे द्योतक होय.

निष्कर्ष :
प्रवाळाच्या शुश्रूषेचा इतिहास हा औषधांपेक्षा पाण्याच्या आकलनाचा इतिहास आहे. टाकीतील एक प्रवाळ मेले की त्याच्या जागी दुसरे आणले जाते, आणि ते समुद्रातून तोडलेले असल्यास हानी खडकाची होते. मृदू प्रवाळाचा कापलेला निरोगी तुकडा मात्र कलमाप्रमाणे नवी वसाहत होऊ शकतो. म्हणून एका रुग्णाचे नीट केलेले उपचार हे समुद्रातील दुसऱ्या प्रवाळाचे संरक्षणही ठरतात. भडोचच्या बंदरात माल म्हणून उतरलेल्या प्रवाळाबाबत माणसाची ही जबाबदारी फार उशिरा, परंतु निश्चितपणे मान्य झाली आहे.