‘स्पिन्स्टर’ : सूत कातणारीची गोष्ट

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या भगिनींना ‘स्पिन्स्टर’ हा शब्द परिचयाचा असेल. लग्नाचे वय उलटलेली, जराशी चिडखोर, मांजरे पाळणारी बाई त्यासरशी डोळ्यांपुढे येते. मला मात्र हा शब्द भेटला की तिच्या हातातली टकळी दिसते. कारण त्याचा मूळ अर्थ आहे सूत कातणारी.

‘स्पिन’ म्हणजे कातणे, आणि ‘स्टर’ हा जुन्या इंग्रजीत काम करणाऱ्या स्त्रीला लावायचा प्रत्यय. विणणारी ती वेबस्टर, पाव भाजणारी ती बॅक्स्टर, बिअर गाळणारी ती ब्रूस्टर. पुढे हीच आडनावे झाली. (तुमच्या घरी वेबस्टरचा शब्दकोश असेल, तर त्याच्या पाठीवर एका विणकरणीचे नाव आहे, हे मुलांना जरूर सांगा.) चौदाव्या शतकात विल्यम लँगलंडच्या काव्यात हा शब्द येतो तो लोकर कातणाऱ्या बायकांसाठीच. इंग्लंडचे वैभव तेव्हा लोकरीवर उभे होते, आणि एका मागाला सूत पुरवायचे तर अनेक कातणाऱ्या लागत. घरोघरच्या बायका, त्यांत लग्न न झालेल्या मुलीही, त्यावर चार पैसे मिळवीत.

मग हा शब्द बिघडला कसा? कागदोपत्री माणसाच्या नावापुढे त्याचा धंदा लिहिण्याची रीत होती. बाईच्या नावापुढे ‘स्पिन्स्टर’ लिहिता लिहिता सतराव्या शतकात तो अविवाहित स्त्रीचा कायदेशीर शिक्काच होऊन बसला. अठराव्या शतकात त्यात ‘लग्नावाचून राहिलेली’ ही कुत्सित छटा शिरली. त्याच शतकात आर्कराइट (१७६९) आणि हारग्रीव्हज (१७७०) यांनी कताईच्या यंत्रांचे पेटंट घेतले आणि घरची कताई हळूहळू बुडाली. हातचे काम गेले. नाव तेवढे चिकटून राहिले.

पुरुषाच्या ‘बॅचलर’ला असे काही सोसावे लागले नाही. तो मूळचा उमेदवार सरदार, पुढे पदवीधर. गंमत अशी की १८८० साली लंडन विद्यापीठाने चार स्त्रियांना बी. ए. केले. तेव्हापासून तिथली लग्न न केलेली पदवीधर बाई विद्यापीठाच्या लेखी ‘बॅचलर’ आणि कायद्याच्या लेखी ‘स्पिन्स्टर’! मला विचाराल तर दोन्ही नावे कष्टाचीच.

इंग्लंड आणि वेल्समधील विवाहनोंदणीतून हे दोन्ही शब्द डिसेंबर २००५ मध्ये काढले गेले. आता तिथे वधू आणि वर दोघांच्याही नावापुढे एकच शब्द लिहितात, ‘सिंगल’.