झंडू, झेंडू आणि एका वैद्यांचं नाव

झाशीहून बोलतोय. आजचा विषय वरवर हलकाफुलका वाटेल. पण ज्याच्या आजोबांचं नाव लोक शिवीसारखं वापरतात, त्याला विचारून बघा.

दसऱ्याला इथल्या फूलवाल्याकडे झेंडू मागितलात तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. हिंदीत ते फूल गेंदा. झंडू म्हणजे बिनकामाचा, बावळट माणूस. कवायतीत पाय चुकवणाऱ्या रिक्रूटला ही पदवी उस्तादाकडून हमखास मिळायची. मराठीत मात्र झेंडूचं तोरण दाराला लागतं. आचार्य अत्र्यांनी १९२५ साली आपल्या विडंबनकवितांना 'झेंडूची फुले' म्हटलं. थट्टा तिथेही होती, पण ती कवींची, फुलाची नव्हे.

आणि झंडू ही मुळात एक व्यक्ती. करुणाशंकर विठ्ठलजी भट्ट, जामनगरचे वैद्य. लोक त्यांना झंडू भट्टजी म्हणत. नवानगरचे राजे जाम विभाजी यांच्या आश्रयाने त्यांनी १८६४ मध्ये रसशाळा काढली, म्हणजे औषधं बनवण्याची जागा. पुढे नातू जुगतराम वैद्य यांनी १९१० मध्ये मुंबईत औषधांचा कारखाना सुरू केला आणि त्याला आजोबांचं नाव दिलं. नातवाने कृतज्ञतेने दिलेलं नाव ते. हिंदी मुलुखात पोचल्यावर मात्र त्याच नावावर लोक हसू लागले.

असं झालं की बहुतेक कंपन्या माघार घेतात. मित्सुबिशीची पजेरो स्पॅनिश मुलुखात 'मॉन्टेरो' नावाने विकली गेली, कारण मूळ शब्द तिथे अश्लील. आपल्या टाटा मोटर्सने 'झिप्पी कार'वरून 'झिका' नाव ठरवलं होतं. २०१६ मध्ये त्याच उच्चाराच्या विषाणूची साथ जगभर गाजली, आणि गाडी 'टियागो' होऊन बाजारात आली. त्यात गैर काही नाही. नवी गाडी, नवं नाव. ते कुणाच्या आजोबांचं नव्हतं.

(आपल्या 'बाई'चंही असंच. मराठीत शाळेतल्या शिक्षिका म्हणजे बाई. उत्तरेत कोठ्यावरच्या गायिकांच्या नावामागेही बाई. तरी झाशीत लक्ष्मीबाईंचं नाव घेताना कुणाची जीभ अडखळत नाही. गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये त्यांना बाईसाहेबच म्हटलंय.)

झंडूवर खरा प्रसंग आला २०१० मध्ये. 'दबंग' सिनेमातल्या गाण्यात बामचं नाव आलं आणि देशभर वाजलं. दोन वर्षांपूर्वीच झंडू कंपनी घेतलेल्या इमामीने निर्मात्यांना नोटीस पाठवली. मग समेट झाला, आणि त्या गाण्यावर नाचलेल्या मलायका अरोराच बामच्या जाहिरातीत आल्या. भट्टजींना ते रुचलं असतं का, शंकाच आहे. पण फौजी म्हणून सांगतो, चाल उत्तम होती. समोरच्याची तोफ ताब्यात घ्यायची आणि तिचं तोंड फिरवायचं. नाव बदललं नाही. डोकं दुखलं की झाशीतलाही माणूस दुकानात जाऊन तेच नाव घेतो, आणि तेव्हा हसत नाही.

जय हिंद.