एक हजार फूट

१२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून उडालेलं सौदियाचं ७४७ वर चढत होतं, समोरून कझाकस्तानचं इल्युशिन-७६ उतरत होतं. कंट्रोलरने एकाला १४ हजार फुटांवर, दुसऱ्याला १५ हजारांवर थांबायला सांगितलेलं. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा, विमान चालवणारे वेगळे. विमान खाली येतच राहिलं. चरखी दादरीजवळ ३४९ माणसं गेली. त्यात पोटासाठी आखातात निघालेले आपले कितीतरी.

'त्यांना इंग्रजी येत नव्हतं' म्हणून आपण मोकळे झालो. पण दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाची उंचीच दिसत नव्हती, पायलट सांगेल तीच खरी! येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना वाटही एकच. विमानात टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं, तेही यानंतरच.