रीजिस हायस्कूल, न्यूयॉर्क : अभ्यासविभाग

न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागात, पूर्व ८४ व्या रस्त्यावर, मॅडिसन आणि पार्क या दोन हमरस्त्यांच्या दरम्यान असलेली मुलांची कॅथलिक शाळा. जेझुइट धर्मगुरूंनी, म्हणजे संत इग्नेशियस लोयोला यांनी स्थापिलेल्या येशू संघाने, १९१४ मध्ये ती सुरू केली. याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी त्याआधी सुमारे तीन शतके गोव्यात मराठी ख्रिस्तपुराण (१६१६) रचले होते. शाळेचे नाव फ्रान्समधील खेडोपाडी गोरगरिबांत काम करणारे जेझुइट संत जॉन फ्रान्सिस रीजिस (१५९७–१६४०) यांच्यावरून पडले आहे. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी ही चार वर्षे होत. ज्या हायस्कुलांत सगळा अभ्यास पुढील चार वर्षांच्या पदवी महाविद्यालयाच्या दृष्टीने आखलेला असतो, त्यांना ‘कॉलेज प्रिपरेटरी’ किंवा थोडक्यात ‘प्रेप’ शाळा म्हणतात. अशा खाजगी शाळांची फी सर्वसाधारण कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असते. रीजिसमध्ये मात्र फी घेतली जात नाही, कारण न्यूयॉर्कचे माजी महापौर ह्यू ग्रँट यांच्या विधवा पत्नी जूलिया ग्रँट यांनी, ज्यांना कॅथलिक शिक्षण एरवी परवडले नसते अशा मुलांसाठी, जेझुइट फादर डेव्हिड हर्न यांच्या विनंतीवरून शाळेला देणगी दिली. देणगीदाराचे नाव गुप्त राहावे अशी अट असल्याने शाळेत त्यांचा उल्लेख दीर्घकाळ केवळ ‘संस्थापिका’ असाच होत राहिला. प्रवेश लेखी परीक्षा आणि मुलाखत यांतून, बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक मुलांनाच मिळतो. विद्यार्थिसंख्या पाचशेच्या थोडी वर असते.

शाळेचे अध्यापन ईश्वरविद्या, इंग्रजी, इतिहास, गणित, विज्ञान, भाषा, ललित कला आणि शारीरिक शिक्षण अशा विभागांत वाटलेले आहे. ही वाटणी आज कोणालाही स्वाभाविक वाटेल. परंतु जेझुइट परंपरेत ती उपरी आहे. येशू संघाच्या शाळांचा पाया म्हणजे १५९९ चा ‘राशिओ स्तुदिओरुम’ हा अभ्यासविषयक नियमग्रंथ. त्यात विषयवार शिक्षक नव्हते, तर व्याकरण, साहित्य आणि वक्तृत्व अशा चढत्या इयत्ता होत्या, आणि प्रत्येक इयत्तेला एकच शिक्षक लॅटिनच्या आधारे जवळजवळ सर्व काही शिकवीत असे. विषयांनुसार विभाग पाडण्याची पद्धत अमेरिकेत रुळली ती मुख्यतः १८९२ मध्ये नेमलेल्या ‘दहा जणांच्या समिती’मुळे. या समितीचे अध्यक्ष हार्वर्ड विद्यापीठाचे चार्ल्स एलियट होते, आणि तिने लॅटिन, ग्रीक, इंग्रजी, गणित, इतिहास इत्यादी विषयांसाठी नऊ परिषदा भरवून प्रत्येक विषयाला स्वतंत्र, पण तोलामोलाचे स्थान द्यावे असा आग्रह धरला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कार्नेगी प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने वर्षभरातील सुमारे १२० तासांच्या एका विषयाच्या अध्यापनास एक ‘एकक’ मानण्याची रीत पडली, आणि महाविद्यालये अशी एकके मोजूनच प्रवेश देऊ लागली.

जेझुइटांनी हे सहजासहजी स्वीकारले नाही. एलियट यांनी १८९९ मध्ये ‘ॲटलांटिक मंथली’ मासिकात, जेझुइट शाळा शतकानुशतके एकच ठरीव अभ्यासक्रम शिकवतात, अशी टीका केली; तिला फादर टिमथी ब्रॉस्नहन यांनी पुढील वर्षी खरमरीत उत्तर दिले. वादात ब्रॉस्नहन यांची बाजू तर्कदृष्ट्या लंगडी नव्हती, तरी व्यवहारात एलियट जिंकले असेच म्हणावे लागेल, कारण ज्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना पाठवायचे, त्यांच्याच मापाने शाळेला स्वतःला मोजून घेणे भाग होते. रीजिसची स्थापना या वादानंतर दीड दशकाने झाली, त्यामुळे तिच्या विभागांच्या रचनेत दोन्ही बाजूंच्या खुणा दिसतात.

ईश्वरविद्येचा विभाग या दृष्टीने सर्वांत लक्षणीय आहे. हा विषय चारही वर्षे सक्तीचा असून त्याचे अध्यापन इतर कोणत्याही विषयाइतक्याच गांभीर्याने, निबंध, वाचन आणि परीक्षा यांसह होते. हा विभाग शाळेचा सर्वांत जुना गाभा असावा असा बाहेरच्या माणसाचा समज होतो, पण तो बरोबर नाही. राशिओमध्ये खालच्या इयत्तांना ख्रिस्ती तत्त्वांचे पाठांतर आठवड्यातून एकदा, शुक्रवारी किंवा शनिवारी, करून घ्यावे एवढेच सांगितले होते. शाळेचा कॅथलिकपणा प्रार्थनेत, शिक्षकाच्या आचरणात आणि लॅटिनमध्ये सामावलेला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषेत होऊ लागली, लॅटिनची धार्मिक निकड संपली आणि धर्मविचार शिकवण्याचा भार ईश्वरविद्येच्या विभागाने उचलला. अमेरिकेतील बिशपांच्या परिषदेने २००७ मध्ये मान्य केलेल्या आराखड्यात कॅथलिक हायस्कुलांसाठी सहा सत्रांचा मूळ क्रम दिला आहे. तो बायबलमधील प्रकटीकरणापासून सुरू होऊन येशूचे स्वरूप व कार्य, चर्च, संस्कार आणि नीतिजीवन येथवर जातो; त्याला चर्चचा इतिहास, सामाजिक शिकवण आणि इतर धर्मांशी संवाद अशा ऐच्छिक विषयांची जोड आहे. ईश्वरविद्येशी निगडित, पण वर्गाबाहेरचे अंग म्हणजे सेवाकार्य. येशू संघाचे तत्कालीन प्रमुख पेद्रो आरूपे यांनी ३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधील वॅलेन्सिया येथे जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर, ‘इतरांसाठी जगणारी माणसे’ घडवणे हे या शिक्षणाचे ध्येय असल्याचे सांगितले. तेव्हापासून वंचितांमध्ये काम करणे ही जेझुइट शाळांतून शिक्षणाचीच एक अट बनली.

भाषाविभागाचा प्रवास याच्या उलट आहे. एकेकाळी अभिजात भाषा हेच शाळेचे दुसरे नाव होते. रीजिसमधून १९५८ मध्ये बाहेर पडलेले, पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ॲलर्जी व संसर्गजन्य रोग संस्थेचे १९८४ ते २०२२ पर्यंत संचालक राहिलेले अँथनी फाउची येथे लॅटिन आणि ग्रीक शिकले, आणि होली क्रॉस महाविद्यालयातही त्यांनी अभिजात भाषांसह वैद्यकपूर्व अभ्यासक्रम पूर्ण केला. आज लॅटिन ही आधुनिक भाषांच्या पंक्तीतील एक भाषा म्हणून उरली आहे. मात्र एक गोष्ट टिकली: उताऱ्याचे शब्दशः विश्लेषण करून मग त्याची रचना, संदर्भ आणि नैतिक आशय उलगडण्याची, ‘प्रीलेक्शन’ नावाने ओळखली जाणारी जेझुइट पद्धत आता इंग्रजी विभागात वावरते. राशिओतील वक्तृत्वाच्या इयत्तेचा वारसाही वर्गात निबंधलेखनाच्या आणि वर्गाबाहेर वादविवादाच्या रूपाने शिल्लक आहे. शाळेची वादविवाद संस्था फादर हर्न यांच्याच नावाने चालते.

गणित आणि विज्ञान या विभागांची रचना अमेरिकी आहे. महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेत बीजगणित व भूमिती, किंवा भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे भाग, दरवर्षी जोडीने पुढे सरकतात. अमेरिकेत प्रत्येक शाखेला सर्वसाधारणपणे एक पूर्ण वर्ष दिले जाते आणि चौथ्या वर्षी कलनशास्त्रापर्यंत पोहोचता येते. तरीही गणिताला जेझुइट पूर्वपीठिका नाही असे नव्हे. ग्रेगरियन पंचांगाच्या १५८२ मधील सुधारणेत प्रमुख वाटा असणारे क्रिस्टोफर क्लाव्हियस यांनीच संघाच्या अभ्यासक्रमात गणिताला जागा मिळवून दिली होती. ललित कला आणि शारीरिक शिक्षण यांना विभागाचा दर्जा असला, तरी महाविद्यालयीन प्रवेशाच्या हिशेबात त्यांचे वजन कमीच असते.

मुंबई परिसरातील मराठी वाचकाला या रचनेचा पहिला, म्हणजे जेझुइट, थर परिचयाचा वाटेल, कारण वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस (१८६३), माझगावची सेंट मेरीज (१८६४) आणि धोबी तलावाजवळची सेंट झेवियर्स (१८६९) या शाळा त्याच संघाच्या होत. तथापि मुंबईच्या शाळांना आधी विद्यापीठाच्या मॅट्रिकला आणि पुढे राज्यमंडळाच्या परीक्षेला धरून चालावे लागले, म्हणून कोणता विषय किती शिकवायचा हा निर्णय तेथील विभागांच्या हाती फारसा आलाच नाही. रीजिसमध्ये एका विभागातील शिक्षकांनी एकत्र बसून पाठ्यग्रंथ आणि ऐच्छिक विषय ठरवण्याला बराच वाव आहे.

या अधिकाराला अलीकडच्या काळात आणखी एका कारणाने बळ आले. पूर्वी बरेचसे अध्यापन धर्मगुरू आणि दीक्षेच्या मार्गावरील तरुण जेझुइट करीत. हे तरुण ‘रीजन्सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टप्प्यात दोन-तीन वर्षे शिकवून ईश्वरविद्येच्या पुढील अभ्यासासाठी निघून जात, त्यामुळे शाळेचे सातत्य संघाच्या शिस्तीवर अवलंबून असे. संघातील सभासदांची संख्या घटत गेल्यावर त्यांच्या जागी संघाबाहेरचे स्त्री-पुरुष शिक्षक आले, आणि एकाच विषयात अनेक वर्षे घालवणाऱ्या या शिक्षकांमुळे विभाग हा निव्वळ वेळापत्रकाची सोय न राहता शाळेच्या अध्यापनपरंपरेचा वाहक बनला.