१४. मिलरपंथी
न्यूयॉर्क राज्यातील बाप्टिस्ट शेतकरी विल्यम मिलर (१७८२–१८४९) याचे अनुयायी. बायबलमधील ‘दानीएल’ (८:१४) या पुस्तकात पवित्रस्थानाच्या शुद्धीसाठी २३०० दिवसांची मुदत सांगितली आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरले, इराणी राजा अर्तहशश्त याच्या इ. स. पू. ४५७ च्या फर्मानापासून मोजणी केली आणि शुद्धी म्हणजे ख्रिस्ताचे पुनरागमन, असा अर्थ लावला. पुढे चळवळीने २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख नक्की केली. ख्रिस्त आला नाही; ‘मोठी निराशा’ म्हणतात ती याच दिवसाची. ती घटका कोणालाच ठाऊक नाही, असे मत्तय (२४:३६) सांगतो. तरीही शास्त्रात आकडे दिले आहेत ते भक्तांनी समजून घ्यावेत म्हणूनच, अशी या मंडळींची मनापासूनची श्रद्धा होती. काहींनी तयार पीकही शेतातच सोडले. पांढरे झगे घालून ते टेकड्यांवर वाट पाहत बसले, ही कथा मात्र विरोधकांच्या कुचेष्टेतून पसरली. ती इतिहास म्हणून उद्धृत करणे अन्यायाचे आहे. यांच्यापैकीच काहींच्या पुढाकाराने १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च संघटित झाले. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था याच पंथाची.