विभाजन, अंतर आणि समन्वय : औंधची राज्यघटना व संगणक-स्मृतीची नोडरचना

प्रस्तावना :
साधनांचे वाटप एका केंद्रातून व्हावे की ती जेथे वापरली जातात तेथेच त्यांचा कारभार सोपवावा, हा राज्यशास्त्रातील जुना प्रश्न होय. तोच प्रश्न पुढे संगणकशास्त्रासमोरही उभा राहिला. प्रस्तुत लेखात औंध संस्थानातील प्रयोग आणि कार्यप्रणालीच्या कर्नेलने केलेले स्मृतीचे विभाजन यांचा एकत्रित विचार केला आहे. या दोहोंत कार्यकारणसंबंध नाही. साम्य आहे ते समस्येच्या स्वरूपात.

औंधचा प्रयोग :
सुमारे ५०१ चौरस मैलांचे औंध संस्थान सलग नव्हते. त्यातील औंध आज सातारा जिल्ह्यात, कुंडल व आटपाडी सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ कर्नाटकात मोडते. अशा विखुरलेल्या प्रदेशाचा कारभार राजधानीतून पाहणे गैरसोयीचे होते. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली. अप्पासाहेब पंत व पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन यांचा त्यात महत्त्वाचा वाटा होता. ग्रामपंचायत हा पाया, तिच्यावर तालुका समिती व शेवटी विधिमंडळ, अशी ती रचना होती. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

स्मृतीचे विभाजन :
अनेक प्रक्रियक एकाच मार्गाने एकाच स्मृतीकडे जाऊ लागले की त्या मार्गावर गर्दी होते. यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रक्रियकाजवळ स्मृतीचा एक भाग ठेवण्याची पद्धत रूढ झाली. दूरचा भागही वापरता येतो, मात्र त्यास वेळ अधिक लागतो. हीच ‘नुमा’ रचना होय.

पुण्यातील सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यात विभाजन संपूर्ण होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरची स्मृती स्वतंत्र होती आणि देवाणघेवाण संदेशांद्वारे होत असे. नुमा रचनेत मात्र स्मृती विभागलेली असूनही सर्वांस सामाईक राहते. म्हणूनच तिच्या कारभाराची जबाबदारी कर्नेलवर येते.

लिनक्स कर्नेल प्रत्येक नोडसाठी स्वतंत्र नोंद ठेवते. नोडची विभागणी क्षेत्रांत म्हणजे ‘झोन’मध्ये होते आणि प्रत्येक क्षेत्राची मोकळ्या पानांची यादी वेगळी असते. नोडमधील अंतर अंकांनी दर्शविले जाते. स्वतःच्या नोडसाठी १० हा अंक असतो, तर अन्य माहिती नसल्यास दूरच्या नोडसाठी २० धरला जातो. मागणी आल्यास प्रथम जवळच्या नोडमधून पान दिले जाते. तेथे जागा नसल्यास अंतराच्या क्रमाने इतर नोडकडे पाहिले जाते.

स्वायत्ततेची मर्यादा :
या रचनेतील एक दोष विशेष उद्बोधक आहे. दूरच्या स्मृतीचा वापर टाळावा म्हणून, नोडमधील अंतर ठरावीक मर्यादेपलीकडे असल्यास, ‘झोन रिक्लेम’ ही सोय आपोआप चालू होत असे. स्वतःचा नोड भरला की शेजारच्या नोडमध्ये जागा असूनही कर्नेल आपल्याच नोडमधील उपयुक्त पाने काढून टाकी. ती पाने पुन्हा डिस्कवरून आणावी लागत आणि डिस्क तर दूरच्या स्मृतीहून कितीतरी पट मंद. फाइल सर्व्हर व डेटाबेस यांना याचा विशेष फटका बसे. अखेर २०१४ मध्ये ३.१६ या आवृत्तीत ही सोय मूलतः बंद ठेवण्यात आली. ज्यांना गरज असेल त्यांनी ती चालू करावी, असे ठरले.

याउलट ‘फेक नुमा’ या पर्यायात अंतर नसतानाही एकसंध स्मृतीचे कृत्रिम नोड पाडता येतात. नुमा यंत्र हाताशी नसताना चाचणी घेणे किंवा एखाद्या कार्याच्या स्मृतिवापरास मर्यादा घालणे यासाठी तो उपयोगी पडतो. येथे विभाजनाचा हेतू सोय नसून नियंत्रण हा आहे.

समारोप :
यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, विभाजन प्रत्यक्ष अंतराची दखल घेणारे आहे की केवळ नियंत्रणासाठी आखलेले, हे पाहिल्याशिवाय त्याचे मूल्यमापन करता येत नाही. दोन, स्थानिक स्वायत्तता शेजाऱ्याशी देवाणघेवाण थांबवू लागली की स्थानिकांचेच नुकसान होते. औंधच्या घटनेत ग्रामपंचायतीवर तालुका समिती व विधिमंडळ होते. गाव स्वतंत्र होते, पण एकाकी नव्हते. कर्नेलच्या रचनाकारांना हेच तत्त्व अनुभवातून स्वीकारावे लागले.