फर्मान आणि कायदा

नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल रघुनाथरावांस दोषी ठरवून रामशास्त्री प्रभुणे पुणें सोडून गेले, ही हकीगत मराठी घरांत लहान मुलांसहि ठाऊक असते. शास्त्रीबोवांच्या निःस्पृहपणाचा आम्हांस अभिमान वाटतो, व तो रास्तच आहे. परंतु निकाल देणारा निघून गेला आणि दोषी ठरलेला सत्तेवर राहिला, ही गोष्टहि त्याच हकीगतींत आहे. न्यायाधीश कितीहि करारी असला तरी राजा कायद्याच्या कक्षेबाहेर असेल तर न्यायाची धांव कोठवर पोंचते, हें त्यावरून दिसतें.

हाच प्रश्न पुढें दीडशें वर्षांनीं आमच्या मराठवाड्यापुढें उभा राहिला. वसमत तालुक्यांतील हट्टा हें गांव आज हिंगोली जिल्ह्यांत आहे. १९९९ पूर्वीं तें परभणी जिल्ह्यांत होतें, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तो सारा जिल्हा निजामाच्या अमलाखालीं होता. १९११ सालीं गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांनीं १९२१ मध्यें फर्मान काढून न्यायखातें कारभारी खात्यापासून वेगळें केलें. एकाच अधिकाऱ्यानें सारा वसूल करावा, बंदोबस्त ठेवावा आणि फिर्यादीहि ऐकाव्या, ही जुनी रीत त्या योगें मोडली. ब्रिटिश मुलखांत राष्ट्रसभा हीच मागणी वर्षानुवर्षें करीत होती, पण ती पदरांत पडत नव्हती. कचेरीचा कारभार उर्दूंत चाले व हट्ट्याच्या शेतकऱ्यास तो उमगत नसे, हें खरें. तरी या सुधारणेचें श्रेय निजामास दिलेंच पाहिजे.

मात्र जें फर्मानानें मिळालें तें फर्मानापुढें दुबळेंच राहिलें. सभा भरविण्यास सरकारची पूर्वपरवानगी हवी, असें सांगणारी ‘गश्ती नंबर ५३’ प्रजेच्या डोक्यावर होतीच. १९३७ मध्यें परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. पुढल्याच वर्षीं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्याच्या आधींच, बंदी आली. जन्मापूर्वींच शिक्षा झालेल्या या संस्थेस दाद मागावयास न्यायमंदिर होतें. परंतु राजाच्या हुकमास जाब विचारण्याचा अधिकार त्या मंदिरास नव्हता.

याहूनहि बोलका दाखला एका वारसाचा आहे. पायगा घराण्यांतील नबाब वलीउद्दौला १९३५ मध्यें वारले व त्यांच्या मालमत्तेचा तंटा निजामापुढें गेला. फर्मानें निघालीं आणि फिरलीं. शेवटीं १९५० मध्यें या एकाच तंट्यासाठीं हैदराबादेंत खास कायदा झाला. आपण नबाबाच्या विवाहित पत्नी आहोंत असें म्हणणाऱ्या दोन स्त्रियांचा दावा त्यानें फेटाळला व कोर्टाचा दरवाजाहि त्यांस बंद केला. तोंवर राज्यघटना अमलांत आली होती. समतेच्या हक्काचा भंग झाला म्हणून सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा रद्द ठरविला. १९५५ मध्यें त्याच घराण्याच्या दुसऱ्या निकालांत न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, घटनेपूर्वीं निजामाची इच्छा हाच कायदा होता, व इतर सर्व कायदे तिच्यापुढें फिके होते.

येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, २६ जानेवारी १९५० पासून १९५६ च्या ऑक्टोबरअखेर तेच मीर उस्मान अली खान हैदराबादचे राजप्रमुख होते. माणूस तोच, सही तीच. परंतु त्या सहीस आतां कोर्टांत जाब विचारतां येत होता. दोन सामान्य स्त्रियांस ही वाट मोकळी झाली, यांतच राज्यक्रांतीचें खरें मोल आहे असें आम्हांस वाटतें.

तरीहि घटना लिहून झाली म्हणून निश्चिंत राहतां येत नाहीं. २५ जून १९७५ च्या रात्रीं पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनीं आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची संमति दुसऱ्या दिवशीं सकाळीं घेण्यांत आली. १९७६ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं बंदिवानांस दाद नाकारली. एकट्या न्यायमूर्ति खन्नांनीं विरुद्ध मत दिलें, आणि पुढें सरन्यायाधीशपद त्यांस डावलून दुसऱ्यास देण्यांत आलें. रामशास्त्र्यांस कायद्याचा आधार नव्हता. १९७६ मध्यें कायदा होता, पण रामशास्त्री एकच निघाला. सत्तेस आवर घालावयास दोन्हीहि लागतात, आणि दोहोंची राखण करण्याचें काम अखेर प्रजेकडेच येतें.